मंगळवारची फेरी

सरकारी रुग्णालयात रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाच्या केसपेपरवर नावाच्या जागी बहुतेक वेळा एकच शब्द असतो : ‘अनोळखी’. अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५०. तोच माणूस दगावला की पोलिसांच्या कागदावर तो ‘बेवारस’ होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका केसपेपरच्या निमित्ताने या पुस्तकातल्या मंडळींशी माझी गाठ पडली. उड्डाणपुलाखाली बेशुद्ध पडलेल्या एका माणसाला घेऊन ते आले होते. खिडकीपलीकडच्या कारकुनाने सवयीने ‘अनोळखी’ लिहायला घेतलं, तशी त्यांच्यातली एक बाई म्हणाली, “अहो, थांबा. आम्ही ओळखतो यांना.” तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुका सांगितला, बिडी सोडून दीड वर्ष झालं हेही सांगितलं. नातेवाइकाच्या रकान्यात काय लिहू, असं कारकुनाने विचारलं. ती जराशी घुटमळली आणि म्हणाली, “ओळख आहे, असं लिहा.”

तेव्हापासून मी अधूनमधून त्यांच्याबरोबर रात्रीच्या फेरीला जातो. त्यांच्या टिपणांचं पुस्तक निघतं आहे आणि त्याला प्रस्तावना हवी आहे असं कळलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो ते त्या रकान्यामुळे.

ही मंडळी म्हणजे मुंबईच्या एका उपनगरातले शेजारी. एक निवृत्त शिक्षिका, एक परिचारिका, बँकेतले दोघं, एक रिक्षावाले काका, कॉलेजातली काही मुलं. संस्थेचं नाव नाही, बॅनर नाही, टी-शर्ट नाहीत. पुस्तकावरही त्यांनी आपली नावं घातलेली नाहीत. दर मंगळवारी रात्री साडेनऊला निघायचं, ठरलेल्या चार ठिकाणी जायचं आणि साडेअकरापर्यंत परतायचं, एवढाच नेम. मंगळवारच का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “शनिवार-रविवारी सगळे येतात. त्या पुलाखाली एकेका माणसापुढे चार-चार पुलावांची पाकिटं पडलेली असतात. मंगळवारी कुणीच नसतं.”

या एका वाक्यात आपल्या शहरी दानधर्माचं सगळं वेळापत्रक आलं. वाढदिवस, पितृपक्ष, अमावस्या, वडिलांचं वर्षश्राद्ध, कंपनीचा सेवादिन. देणाऱ्याच्या पंचांगाप्रमाणे अन्न येतं. खाणाऱ्याची भूक मात्र रोजची. मी हे दोष काढायला लिहीत नाही. माहीमच्या दर्ग्याजवळच्या खाणावळींसमोर भुकेली माणसं ओळीने उकिडवी बसलेली असतात. येणारा-जाणारा गल्ल्यावर दहा-वीस जणांचे पैसे भरतो आणि तेवढी माणसं जेवतात. पैसे भरणाऱ्याला कुणाचा चेहरा पाहावा लागत नाही, आणि जेवणाऱ्यालाही कुणापुढे मान झुकवावी लागत नाही. गुरुद्वारांत लंगर रोज चालतो. आपल्याकडे याला जुना आणि फार चांगला शब्द आहे : सदावर्त. मूळ ‘सदाव्रत’, म्हणजे कायम चालणारं व्रत. अन्नदान एका दिवसाचं असू शकतं, सदावर्त नाही. मंगळवारच्या फेरीतल्या कुणीही तो शब्द वापरलेला मी ऐकला नाही, पण ती माणसं जे करतात ते तेच आहे, आणि त्यात अन्नाचा भाग सर्वांत लहान आहे.

हा विचार महाराष्ट्रात ज्याने अंगावर वागवला त्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेला, १९०५ मध्ये घर सोडून निघालेला हा माणूस पुढे आयुष्यभर स्वतः बेघरच राहिला. हातात खराटा, खाण्यासाठी मातीचं गाडगं. लोकांना त्यांचं कीर्तन आठवतं, झाडलोट आठवते. मला त्यांच्या धर्मशाळा जास्त महत्त्वाच्या वाटतात. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई. यात्रेला आलेला गरीब माणूस उघड्यावर झोपतो आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर ओसरीवरही जागा मिळत नाही, हे पाहून त्यांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. १९४९ मध्ये ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एवढ्या इमारती उभारल्या, पण आपल्या नातलगांचा त्यांवर हक्क राहू दिला नाही. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. ज्यांना तिथे किंवा दुसरीकडे जागा मिळत नाही, ती परळला रुग्णालयाजवळच्या फुटपाथवर ताडपत्री बांधून केमोथेरपीच्या पुढच्या तारखेची वाट पाहतात. त्यांचं गावात घर असतं, शेतीही असते. मुंबईत मात्र ती बेघर असतात.

म्हणजे बेघर कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. जनगणनेची व्याख्या जनगणनेच्या कामापुरती स्पष्ट आहे : जे कुठल्याही इमारतीत राहत नाहीत, रस्त्याकडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर राहतात ते. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर त्यांची मोजणी झाली आणि १७ लाख ७३ हजारांच्या आसपास माणसं कागदावर आली. महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार, बृहन्मुंबईत ५७ हजारांच्या घरात. २००१ च्या तुलनेत देशाचा एकूण आकडा घटला, पण शहरांतला ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला. खेड्यातलं उघड्यावरचं जगणं कमी होत असताना शहरातलं वाढलं. ज्यांनी रात्री कधी स्टेशनचा परिसर पायी हिंडून पाहिला आहे त्यांना मुंबईचा आकडा खराही वाटत नाही. एका रात्रीत मोजायचं, आणि तेही अशा माणसांना, जी गणवेश किंवा वही दिसली की आधी बोचकं उचलून पळतात!

ती पळतात त्याला कारण आहे. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. उघडपणे हात पसरणं तर या कायद्याने गुन्हा आहेच. पण जगण्याचं काही साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो आहे, एवढ्यावरूनही माणूस भिकारी ठरू शकतो. वॉरंटशिवाय पकडता येतं आणि पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. मुंबईत जन्मलेला हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं तिथल्यापुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो अजून आहे. आणि गंमत नव्हे, दुःख हे की पकडल्या जाणाऱ्यांत कामकरी माणसं कितीतरी असतात. फेरीत आम्हाला भेटणाऱ्या पुरुषांपैकी कुणी लग्नाच्या हॉलमध्ये वाढप्याचं काम करतो, कुणी मार्केटात हमाली, कुणी नाक्यावर उभा राहून बिगारीचं काम धरतो. बायका भंगार वेचतात, गजरे ओवतात, मासळी सोलतात. केटरिंगची गाडी पहाटे तीनला आणून सोडते म्हणून तो वाढपी मुलगा सकाळी दहापर्यंत फुटपाथवर झोपलेला असतो, आणि कामावर निघालेले आपण त्याला पाहून म्हणतो, बघा, एवढा धडधाकट आणि झोपलाय.

फुटपाथवरच्या माणसाचा आणि कायद्याचा दुसरा एक प्रसंग मराठी वाचकाने विसरू नये असा आहे. १९८१ च्या भर पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या उठवून माणसांना त्यांच्या गावी धाडायचं राज्य सरकारने ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑल्गा टेलिस खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला तेव्हा सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण उपजीविका काढून घेतली तर जगणंच काढून घेतल्यासारखं होतं, असं त्या निकालाने मान्य केलं. झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार मात्र कायम राहिला. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत हटवू नये, एवढाच दिलासा. त्या टांगत्या तलवारीखाली भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी आणि स्पार्क या संस्थेने मिळून एक वेगळंच काम केलं. त्यांनी फुटपाथवरच्या सुमारे ६ हजार कुटुंबांची पाहणी केली. कुठून आले, किती वर्षं झाली, काय काम करतात. त्यातूनच पुढे महिला मिलन ही संघटना उभी राहिली. फुटपाथवरच्या बायका बचत करू लागल्या, घराचे नकाशे काढू लागल्या, आणि त्यांतल्या काहींना अनेक वर्षांनी मानखुर्दला पक्की घरं मिळाली. त्या कामाची सुरुवात घोंगड्या वाटण्यापासून झाली नव्हती. आधी एकमेकींची नावं लिहून घेतली गेली होती.

घोंगड्यांचं निघालंच आहे तर थोडं थांबतो, कारण या पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं टिपण त्याच विषयावर आहे. डिसेंबर आला की मुंबईत ब्लँकेटं वाटायची लाट येते. मुंबईची थंडी ती केवढी! पुण्यात, नाशकात, विदर्भात थंडीने माणूस आखडतो हे खरं. मुंबईतल्या बेघर माणसाचा वैरी पाऊस आहे. जूनच्या पहिल्या सरीला अंथरूण भिजतं ते सप्टेंबरपर्यंत पुरतं वाळत नाही. पायाच्या बोटांत चिखल्या होतात, जखमा चिघळतात, त्यांत अळ्या पडतात. त्या वेळी हवी असते जाड ताडपत्री, नायलॉनची दोरी, जखम धुवायला सलाईनचं पाणी, आणि कोरडी चप्पल. परिचारिकाताईंनी लिहिलं आहे की पहिल्या वर्षी त्यांनीही ब्लँकेटंच वाटली. पुढच्या मंगळवारी पाहतात तर एकही शिल्लक नव्हतं. काही विकली गेली होती, बाकीची पालिकेच्या गाडीने सामानाबरोबर उचलून नेली होती. “ठेवायचं कुठं, ताई?” या प्रश्नाने त्यांचं काम बदललं. आता फेरीच्या वाटेवरच्या दोन दुकानदारांनी आणि एका देवळाच्या पुजाऱ्याने मिळून बारा जणांची कागदपत्रं आणि एकेक पिशवी ठेवायची जबाबदारी घेतली आहे. रेशन कार्ड, जुनी बिलं, पोराचा शाळेचा दाखला, औषधाची चिठ्ठी. गाडीने सामान नेलं तरी माणूस कागदावरून पुसला जात नाही.

कागद मिळवण्याच्या वाटा सरकारनेच ठेवलेल्या आहेत, पण त्या चालून दाखवणारं कुणीतरी सोबत लागतं. मतदार नोंदणीचंच पाहा. बेघर माणसाने नमुना ६ भरताना तो जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने एकापेक्षा जास्त रात्री तिथे जाऊन तो खरंच झोपतो का हे पाहायचं. पाहिलं की राहण्याचा दुसरा पुरावा लागत नाही. निवडणूक आयोगाची ही तरतूद वाचली तेव्हा मला भरून आलं. सरकारने एका माणसाला रात्री तिथे जाऊन बघायला सांगितलं आहे! आधारच्या मूळ नियमांतही कागद नसलेल्या माणसाची ओळख पटवून देणारा ‘परिचयदाता’ ठेवला होता. प्रत्यक्षात खिडकीपाशी पोचल्यावर काय होतं ते या टिपणांत आहे. एका कार्यालयात चार खेपा, ‘पत्ता आणा’ म्हणून परत पाठवणं, पाचव्या खेपेला रिक्षावाल्या काकांनी नियमाची छापील प्रत काढून शांतपणे टेबलावर ठेवणं. आवाज न चढवता, आपल्या दिवसाची कमाई बुडवून पाचव्यांदा तिथे जाऊन बसणं, हे काम कुठल्याही देणगीच्या पावतीवर येत नाही.

निवाऱ्यांचं तसंच. दिल्लीतल्या थंडीत माणसं मरू लागली तेव्हा, २०१० मध्ये, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास आणि बाराही महिने चालणारा निवारा हवा असं बजावलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी योजना आणि निधीही आला. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला कपाट, असं सारं त्यात लिहिलेलं होतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे १ कोटी २४ लाखांच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. त्याच्या जवळपासही हे शहर पोचलेलं नाही. जे आहेत त्यांतही कुटुंबाने एकत्र राहावं अशी जागा दुर्मीळ. नवरा एकीकडे, बायको-मुलं दुसरीकडे. म्हणून मग चौघं मिळून पुलाखालीच राहतात. शेजाऱ्यांनी पुलाव वाटला म्हणून पालिकेची जबाबदारी संपत नाही, आणि पालिकेने निवारा बांधला म्हणून शेजाऱ्यांची. फेरीतली मंडळी दर तीन महिन्यांनी वॉर्ड ऑफिसात एक अर्ज देतात : आमच्या भागात इतके जण इतक्या ठिकाणी झोपतात, त्यांत इतकी मुलं, इतक्या एकट्या बायका. अर्जांची चळत आता जाड झाली आहे.

एकट्या बायकांबद्दल लिहिताना हात जड होतो. त्या रात्री झोपत नाहीत. दुपारी स्टेशनच्या गर्दीत, भर उजेडात झोपतात, कारण गर्दीतच त्यांना कमी भीती वाटते. पाणी पीत नाहीत, कारण रात्री शौचालय बंद असतं किंवा तिथवरचा रस्ता अंधारा असतो. आणि सुट्टे पैसेही लागतात. मूत्रमार्गाचे विकार त्यांच्यात इतके का, याचं परिचारिकाताईंनी दिलेलं उत्तर एवढंच आहे. त्यांच्यासाठी या गटाने केलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे सुलभ शौचालयाच्या रखवालदाराकडे महिन्याचे पैसे आगाऊ भरणं. त्या बायकांना आता तिथे कुणी सुट्टे मागत नाही, आणि आठवड्यातून दोनदा अंघोळही होते.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत मी एका आजींना साडी देतानाचा फोटो काढला. मनात चांगलंच होतं. कुणाला दाखवला तर आणखी मदत येईल असं वाटलं. आजींनी काही न बोलता पदर ओढून चेहरा झाकला. साडी तशीच मांडीवर पडून राहिली. परतताना शिक्षिकाबाई म्हणाल्या, “त्यांचा मुलगा इथेच, दोन स्टेशनं पलीकडे राहतो.” तो फोटो मी पुसला. पुढच्या मंगळवारी आजींची क्षमा मागायला गेलो तर त्या तिथे नव्हत्या, आणि पुढे चार आठवडे नव्हत्या. या पुस्तकात एकही छायाचित्र का नाही, असं वाचकाला वाटलं तर त्याचं कारण हे आहे.

आणखी एका प्रकारची माणसं या टिपणांत वारंवार येतात. जटा झालेले, स्वतःशी बोलणारे, उकिरड्यातलं खाणारे. आपण त्यांना ‘वेडा’ म्हणून रस्ता ओलांडतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने असाच एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिताना पाहिला. त्यांनी त्याला दवाखान्यात आणून उपचार केले. बरा झाल्यावर कळलं की तो आंध्रातला विज्ञानाचा पदवीधर आहे. त्यातून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभं राहिलं, २००६ मध्ये कर्जतचं केंद्र झालं, हजारो माणसं बरी होऊन देशाच्या कानाकोपऱ्यातल्या आपापल्या घरी पोचली. डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावरच्या अशा स्त्रियांचं घर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर पोलिसांवर जबाबदारीच टाकली आहे : मानसिक आजार असलेला माणूस भटकताना आढळला तर त्याला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. मंगळवारची मंडळी डॉक्टर नाहीत. ती काही महिने जवळ बसतात, एकच बिस्किटाचा पुडा एकाच जागी ठेवतात, भाषा कोणती ते कान देऊन ऐकतात. पाचव्या महिन्यात एका माणसाच्या तोंडून तेलुगूतला एक शब्द निघाला तेव्हा पुढची वाट सापडली. ते टिपण मी इथे सांगून टाकत नाही. ते त्यांच्याच शब्दांत वाचावं.

पुस्तकात शेवटी त्यांच्या नोंदवहीची काही पानं जशीच्या तशी घेतली आहेत, फक्त नावं आणि गावं झाकून. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची साधी वही. पहिल्या पानांवर नोंदी अशा आहेत : ‘हिरवी साडी, पुलाचा तिसरा खांब.’ ‘कुत्रा असलेले बाबा.’ ‘वाढपी, डावा हात भाजलेला.’ साधारण विसाव्या पानापासून त्याच नोंदींवर एकेक काट मारलेली दिसते आणि वर वेगळ्या शाईने नाव, गाव, तालुका लिहिलेला. ‘हिरवी साडी’वर काट नव्हती. गेल्या मंगळवारी वही माझ्या हातात आली तेव्हा तिथेही, आजींनी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत, ओळ सोडून खाली उतरत जाणारं आपलं नाव लिहिलेलं होतं.